लेणी आपली, मग खाडी कोणाची?



गेल्या हिवाळ्यात आम्ही तीस-बत्तीस कार्यकर्ते दोन गाड्या करून रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यात कुड्याची लेणी पाहायला गेलो होतो. वर गेल्यावर त्रिशरण-पंचशील घेतले, फोटो काढले. आमच्यातल्या एका मुलाने अभ्यास करून आणला होता. लेण्यांना दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, वैद्याचे कुटुंब आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, हे त्याने सगळ्यांना समजावून सांगितले. कष्टकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनीही उभा केलेला हा वारसा आहे, यावर जोरदार चर्चा झाली. मन भरून आले.

खाली उतरलो तेव्हा खाडीकाठी एक बाई टोपलीत चिंबोऱ्या घेऊन बसली होती. वर काय बघितलेत, असे तिने विचारले. आम्ही उत्साहाने अठराशे-दोन हजार वर्षांचा इतिहास सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “एवढ्या रानात ते लोक राहत होते, मग त्यांचं सामानसुमान यायचं कुठनं?” आम्ही म्हणालो, “मावशी, इथे मांदाडला बंदर होते ना. सगळे खाडीतून यायचे.” त्यावर ती म्हणाली, “म्हणजे खाडी होती म्हणून लेणी झाली. मग खाडीकडं कोण बघतंय?”

आमच्यापैकी कुणालाही उत्तर देता आले नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना ‘वारसा’ आणि ‘उपजीविका’ हे दोन वेगळे धडे म्हणून आम्ही शिकलो. त्या बाईने ते दोन मिनिटांत एकत्र करून दाखवले. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

कायद्याच्या एका कलमात, पण दोन वेगळ्या कपाटांत

किनाऱ्यासाठी आपल्या देशात सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. पहिली १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्या लागू असलेली जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात सर्वांत नाजूक क्षेत्रांची एक यादी आहे. त्या यादीत कांदळवने आहेत, प्रवाळ आहेत, चिखलठाणे आहेत, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे आहेत आणि त्याच यादीत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा व वारसास्थळेही आहेत. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला कळत होते की कासवाचे घरटे आणि प्राचीन स्तूप हे दोन्ही एकदा गेले की परत येत नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट संविधानात आहे. अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो. पर्यावरण आणि वन्यजीवांच्या रक्षणाचा अनुच्छेद ४८-अ हा १९७६ च्या दुरुस्तीने आला आणि तो ४९ च्या अगदी शेजारी बसवला गेला. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांतही संमिश्र संस्कृतीचा वारसा आणि सजीवांविषयी करुणा ही कर्तव्ये एकापाठोपाठ एक येतात.

प्रत्यक्षात काय होते? लेण्याची फाईल पुरातत्त्व खात्यात, कांदळवनाची वनखात्यात, मासळीची मत्स्यव्यवसाय खात्यात, बंदराची बंदर खात्यात आणि सांडपाण्याची प्रदूषण नियंत्रण मंडळात. प्रत्येक खाते आपली चौकट सांभाळते. त्या चौकटींच्या मधल्या मोकळ्या जागेत भराव पडतो, रसायन सोडले जाते, ट्रॉलर घुसतो. ही पळवाट कुणी चोरून काढलेली नाही, ती रचनेतच आहे.

पहिली भगदाड: संरक्षण भिंतीपासून मोजले जाते

स्मारकांचा कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. ही चांगलीच तरतूद आहे, तिचे रक्षण केलेच पाहिजे. पण हे मीटर दगडापासून मोजले जातात. ज्या खाडीमुळे ते दगड कोरले गेले, ती खाडी या मोजमापात येत नाही. उलट बाजूने पाहा. सीआरझेडच्या सध्याच्या अधिसूचनेत खाडीच्या काठाने भरतीरेषेपासून फक्त ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यातले जे कमी असेल तेवढेच अंतर धरले आहे. २०११ च्या अधिसूचनेत ते १०० मीटर होते. म्हणजे डोंगराच्या अंगावरचे लेणे खाडीच्या कायद्यात बसत नाही आणि खाडी लेण्याच्या कायद्यात बसत नाही.

आणखी एक गंमत पाहा. सार्वजनिक सोयीच्या प्रकल्पासाठी कांदळवन तोडावे लागले तर तिप्पट कांदळवन लावण्याची अट अधिसूचनेत आहे. ते कागदावर तरी शक्य आहे. पण त्याच यादीतल्या स्तूपाचे काय? तो तिप्पट कुठे लावणार?

दुसरी भगदाड: यादीत नाही ते अस्तित्वातच नाही

नालासोपाऱ्याचा स्तूप आपल्या सगळ्यांना माहीत आहे. स्थानिक लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले. दगडी करंडकात एकात एक ठेवलेली पात्रे, भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

स्तूप राखला गेला. पण सोपारा म्हणजे केवळ एक स्तूप नव्हता. ते बंदर होते, नगर होते, तळी होती, वस्ती होती. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या दात्याचे नाव कोरलेले आहे. आज त्या नगरावर इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. पायासाठी खोदताना काय काय निघाले आणि कुठे गेले, याचा हिशेब कुणाकडे मागायचा? जिथे फलक लागला तेवढेच वारसा, बाकी सगळी ‘मोकळी जमीन’.

फलक लागलेल्यांची अवस्थाही फार बरी नाही. २०१३ मध्ये कॅगने केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी १,६५५ स्मारकांची पाहणी केली, तेव्हा त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. कायद्याने ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ ठरलेली स्मारके सापडत नसतील, तर ज्यांची नोंदच नाही त्या विहारांचे, टेकाडांचे, पाण्याच्या टाक्यांचे काय होत असेल?

घारापुरी तर जागतिक वारसा आहे, १९८७ पासून. रोज बोटी भरून पर्यटक जातात, त्रिमूर्ती पाहतात आणि परत येतात. त्याच बेटाच्या दुसऱ्या टेकडीवर बौद्ध लेणी आणि विटांचा स्तूप आहे. किती जणांना तो दाखवला जातो? यादीत असूनही न दिसण्याचा हा दुसरा प्रकार आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

तिसरी भगदाड: पाण्यात गेले की राखणदार संपतो

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असे आपण शाळेत शिकलो. या एवढ्या किनाऱ्यावर खुल्या समुद्रातले अभयारण्य एकच, मालवणचे. १९८७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आणि त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर. सिंधुदुर्ग किल्ला आणि आसपासचे प्रवाळ त्यात येतात. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळ पठार आहे. पण आपले राज्याचे मासेमारी कायदे चालतात ते १२ सागरी मैलांपर्यंत. त्यापलीकडे केंद्राची हद्द. प्रवाळ आणि व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत हे खरे, पण परिशिष्टात नाव असणे आणि समुद्रात राखणदार असणे यात किती अंतर आहे ते कोणत्याही रापणवाल्याला विचारा. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी आहे, पर्ससीनवर निर्बंध आहेत, तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात आणि सकाळी छोट्या मच्छीमाराचे जाळे रिकामे येते.

पाण्याखालच्या वारशाची स्थिती आणखी वाईट. बुडालेली जहाजे, बंदरांचे अवशेष यांच्यासाठी युनेस्कोने २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. सोपारा, कल्याण, चौल, मांदाड, दाभोळ यांच्यातून शतकानुशतके जहाजे गेली. गाळ उपसताना त्यांचे अवशेष वर आले तर तो गाळच समजला जाणार.

चौथी भगदाड, आणि आमच्या मते मूळची: माणसे मोजलीच जात नाहीत

मालवणच्या अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला. शहरातले काही निसर्गप्रेमी म्हणतात, हे लोक अडाणी आहेत, त्यांना निसर्गाचे महत्त्व कळत नाही. आम्हाला हे मान्य नाही. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्याची पुरेशी व्यवस्था आधी केली पाहिजे, असे वन्यजीव कायद्यातच म्हटले आहे. ज्यांच्या घरावर नियम लागणार त्यांना विचारले नाही, तर ते नियमाला आपले कसे म्हणतील? ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून वरून उतरलेला हुकूम आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो.

उलट उदाहरण वेळासचे आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकऱ्यांच्या मदतीने राखली जातात. पिल्ले समुद्रात सोडतात तेव्हा लोक पाहायला येतात आणि गावातल्या घरांना चार पैसे मिळतात. कासव वाचले, कारण गाव त्यात होते.

पण ‘गाव’ म्हटले की आपण थांबून विचारले पाहिजे, गावातले कोण? बोट ज्याच्या नावावर आहे तो मच्छीमार म्हणून नोंदला जातो. सोसायटीचा सभासद त्याला नुकसानभरपाईच्या यादीत जागा मिळते. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवे, शिंपले, चिंबोऱ्या काढणारी बाई कुठल्या यादीत आहे? तिच्याकडे बोट नाही, परवाना नाही. अशा बायांमध्ये कोळी आहेत, भोई आहेत, आदिवासी आहेत आणि बौद्धवाड्यांतल्याही आहेत. खाडी नासली की सर्वांत आधी तिची चूल थंड होते आणि भरपाईच्या यादीत तिचे नाव सर्वांत शेवटीही येत नाही. आकड्यांतून माणूस गाळण्याची ही पद्धत जातीच्या समाजाला चांगली अवगत आहे.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराकडे याच नजरेने पाहा. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तरीही जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टरचा भराव होणार आहे. मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षे चालू आहे. नाशिकच्या बौद्ध लेण्यांतल्या उषवदाताच्या शिलालेखात डहाणूच्या नदीवर लोकांसाठी फुकट नाव ठेवल्याची नोंद आहे. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीची. तेव्हा ते पाणी ओलांडायला गरिबाला पैसे पडू नयेत, हे पुण्य समजले जात होते. आज त्याच पाण्यावर जगणाऱ्याला तिथून उठायला सांगणे हा विकास समजला जातो.

“आपल्याला माशांशी काय करायचे?”

हा प्रश्न आमच्याच बैठकीत विचारला जातो. अत्याचार थांबत नाहीत, शिष्यवृत्त्या रखडतात, नोकऱ्या संपल्या, अशा वेळी कासव आणि कांदळवन कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो.

रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरावरून माशांच्या टोपल्या वाहून बाजारात पोहोचवत. त्या टोपलीवर ते घर चालत होते. त्याच दाभोळ खाडीत आज लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचे पाणी येते म्हणून मच्छीमार कित्येक वर्षे आंदोलने करत आहेत. रमाईच्या जयंतीला आपण वणंदला जातो. त्या आंदोलनात आपण कितीदा गेलो?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले आणि दासगाव बंदरात उतरले. सावित्रीच्या खाडीने त्यांना महाडला नेले. महाडचा लढा कशासाठी होता? सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सांगितले की नद्या, समुद्रकिनारे, वने ही जनतेची संपत्ती असून राज्य तिचे केवळ विश्वस्त आहे. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्याचा हक्क मांडला, तो या निकालाच्या सत्तर वर्षे आधी. खाडी हे आजचे चवदार तळे आहे, असे आम्ही म्हणतो ते भावनेच्या भरात नव्हे. तिथे शिवाशिवीचे पहारे होते, इथे कुंपण, भराव आणि रसायनाचे आहेत. परिणाम तोच, काठावरच्या माणसाला पाणी बंद.

आणि आपली चैत्यभूमी कुठे आहे? ७ डिसेंबर १९५६ ला लाखोंनी बाबासाहेबांना निरोप दिला तो दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर. दर ६ डिसेंबरला आपण लाखोंच्या संख्येने त्या वाळूवर उभे असतो. समुद्र आपल्या मागे नाही, आपल्या सर्वांत पवित्र जागेच्या दारात आहे. या शहराचे सांडपाणी त्यात जाते, त्याची वाळू खचते, हा आपला प्रश्न नसेल तर कोणाचा?

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरेचे मंदिर आहे आणि कोळी समाजाची ती कुलदेवता. लेण्यांवरच्या अतिक्रमणाबद्दल आपण बोललेच पाहिजे, कायद्याने जाब विचारलाच पाहिजे. पण समाजमाध्यमांवर कोळी बांधवांना शिव्या घालून आपण काय मिळवतो? किनाऱ्यावर ज्यांच्या सोबतीशिवाय एकही खाडी वाचणार नाही, त्यांनाच आपण शत्रू करतो आणि भराव घालणारा दोघांकडे पाहून हसतो.

सोपाऱ्याचा शिलालेख काय सांगतो

आपण अशोकाचे नाव घेतो. दिल्ली-तोपऱ्याच्या स्तंभावरच्या पाचव्या लेखात अशोकाने अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तिच्यात कासव आहे, काही जातींचे मासे आहेत. वर्षातल्या ठरावीक दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत, असाही आदेश आहे. आज १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते. जलचरांना विसावा देण्याचा विचार या भूमीत बावीसशे वर्षांहून जुना आहे.

पण आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आपल्या कोकणातला, सोपाऱ्यात मिळालेला आठवा शिलालेख. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी विहारयात्रेला निघत. अशोक संबोधीला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाली. या धम्मयात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, दान आणि जनपदातल्या सामान्य लोकांना भेटणे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे, त्यांना विचारणे. जनपदातल्या लोकांची भेट हा धम्मयात्रेचाच भाग आहे, हे सोपाऱ्याच्या बंदरावर दगडात कोरले होते.

आता आपल्या लेणीसहली आठवा. गाडीतून उतरणे, फोटो, वंदना, जेवण, परत. ही विहारयात्रा झाली. त्या दिवशी चिंबोऱ्या विकणारी मावशी भेटली नसती, तर आमचीही तीच झाली असती.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. कोकणातल्या प्रत्येक लेणीसहलीचा अर्धा दिवस खालच्या वाडीसाठी आणि खाडीसाठी ठेवा. आपल्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा मागून घ्या. त्यात लेणे, स्तूप, कोळीवाडा, कासवांची जागा आणि कांदळवन दाखवले आहे का ते तपासा आणि जनसुनावणीत लेखी हरकत नोंदवा. जे नकाशावर नाही ते न्यायालयातही सिद्ध करणे कठीण जाते. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्यावर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद आहे. त्या जागा मागा आणि लोकजैवविविधता नोंदवहीत ओहोटीला कोण काय गोळा करते हे त्या बायांच्या तोंडून लिहून घ्या. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात ‘जैवविविधता वारसा स्थळ’ जाहीर करण्याचीही सोय आहे. लेणे आणि त्याची खाडी मिळून एक जागा म्हणून मागणी का करू नये? माहितीचा अधिकार वापरून संरक्षित जागेची हद्द, अधिसूचना आणि परवानग्या काढा. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला बोलावले नाही तरी जा आणि आधी ऐका.

आम्ही या हिवाळ्यात पुन्हा कुड्याला जाणार आहोत. या वेळी वंदनेनंतर खाली खाडीकाठी बसायचे ठरले आहे, त्या मावशीला आणि तिच्या वाडीतल्या बायांना आधी निरोप पाठवून. वह्या आणि नकाशा सोबत नेणार आहोत. तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून आमच्याकडे नाही. ते तिच्यासोबत बसून लिहायचे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.